पोरांच्या खोलीतला पसारा

३ मे, शनिवार

बीपी १५०/९०.

डॉक्टरांनी रोजचा आकडा लिहून ठेवायला सांगितला आणि मेडिकलवाल्यानं त्यासाठी ही डायरी दिली. एका आकड्यासाठी एवढं मोठं पान. कोरं पान पाहिलं की मला कसंतरी होतं, म्हणून उरलेल्या जागेत बाकीचंही लिहितो. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण माझ्या अक्षराला हसायला घरात आता कोणी नाही. जमुना हसायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

आज खुशालराव आले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये टायर सेक्शनला आम्ही दोघं बरोबर होतो. त्यांचा भाचा किशोर तिवस्याचा आहे. इथे अमरावतीत एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागला, रोज जाऊन-येऊन करतो. त्याला खोली पाहिजे.

"तुमच्या घरची पोट्ट्याईची खोली नुसती बंद पडून हाये नत्थुजी," खुशालराव म्हणाले. "पोरगं सरळ हाये. बायको-गियको नाई अजून. तुमाले सोबत होईन, अन् बीपी घरच्या घरी मोजून देईन."

मी हो म्हटलं. जूनपासून येऊ दे म्हटलं. एरवी मी कशालाच इतक्या लवकर हो म्हणत नाही. पण मागच्या महिन्यात न्हाणीत पाय घसरला आणि उठताच येईना. दूधवाला हाका मारून निघून गेला, माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही. तेव्हापासून न्हाणीचं दार मी लावत नाही. हे गजेंद्रला सांगितलेलं नाही.

संध्याकाळी गजेंद्रला अकोल्याला फोन केला. एकुलता एक मुलगा, त्याला विचारल्याशिवाय भाडेकरू कसा ठेवायचा? वाटलं होतं, वाद घालेल.

"हाव, देऊन टाका बाबा," तो म्हणाला. "पोरांले पाठवतो मी. त्याईचंच सामान आहे, तेच आवरतील. राहू द्या महिनाभर तुमच्याजवळ."

महिनाभर! दिवाळीत दोन दिवस राहिले होते. पौर्णिमाला चालेल का, असं विचारलं, तर म्हणे ती परतवाड्याला माहेरी गेली आहे. उन्हाळ्यात सुना माहेरी जातातच. पण पोरांना न घेता?

६ मे, मंगळवार

आले. आकांक्षा तेरा वर्षांची, पियुष आठ. गजेंद्रनं बॅगा टेकवल्या, उभ्यानं पाणी प्यायला आणि गेला. दोन्ही गालफडं बसली आहेत त्याची. कंपनीत काम फार असेल.

मी आधी दोघांना कुलरसमोर उभं केलं आणि सांगितलं, कुलर चालू असताना त्याला हात लावायचा नाही. ओल्या पायानं तर जवळही जायचं नाही. दर उन्हाळ्यात पेपरात कोणी ना कोणी चिकटून मेलेलं असतं.

"आबाजी, अकोल्याले पण कुलर आहे," आकांक्षा म्हणाली.

"तिकडचा प्लास्टिकचा असंल. हा लोखंडी आहे."

मग खोली उघडली. चार वर्षांपूर्वी गजेंद्रची अकोल्याला बदली झाली तोवर हे दोघं याच खोलीत राहायचे. दोन लोखंडी पलंग आहेत, आमच्या वेल्डरकडून करून घेतलेले. बाकी सगळा पसारा. पलंगाखाली खोके, खोक्यांवर गाद्या, गाद्यांवर दप्तरं, खिडकीत एक पाय नसलेला यंत्रमानव. जमुना असताना झाडलोट व्हायची. नंतर मी दार लावून घेतलं. पालीची भीती वाटते म्हणून, दुसरं काही नाही.

पियुषला धुळीनं शिंका सुरू झाल्या. हा दमा तर नाही? मला दिवसभर तेच.

८ मे, गुरुवार

आकांक्षानं खडूनं फरशीवर चार चौकोन आखले. एकात लिहिलं अकोला, दुसऱ्यात परतवाडा, तिसऱ्यात इथं, चौथ्यात बाहेर. प्रत्येक वस्तू उचलायची, दोघांनी मिळून ठरवायचं आणि त्या चौकोनात ठेवायची. पोरगी हुशार आहे. मी विचारलं, परतवाडा कशाला? तर म्हणाली, "लागते आबाजी." मामाच्या पोरांना खेळणी पाठवायची असतील. मला चौथ्या चौकोनाचीच काळजी.

"हे बाहेर," आकांक्षा म्हणाली. फुटकी वॉटरबॅग होती.

"काहून? झाकण चांगलं आहे," मी म्हटलं.

"झाकणाचं काय करता?"

"दुसऱ्या वॉटरबॅगचं झाकण हरपलं त कामी येते."

"दुसरी वॉटरबॅग कुठी आहे?"

पियुष पलंगावर उड्या मारून हसत सुटला. त्याचं स्वतःचं काही कमी नाही. शीतपेयांची पिशवीभर झाकणं आहेत आणि त्यातलं एकही सोडायला तयार नाही. आकांक्षानं नियम काढला की जी वस्तू ठेवायची ती कोण वापरणार त्याचं नाव सांगायचं. पियुषनं प्रत्येक झाकणाला नाव सांगितलं. वर्गातल्या पोरांची नावं संपली तर शेजारच्या कुत्र्याचं सांगितलं.

दुपारी पोरं रस पोळी खाऊन झोपली तेव्हा मी चौथ्या चौकोनातून झाकण, दोन सुतळ्या, एक सेलचा डबा आणि छत्रीची दांडी काढून घेतली. उठल्यावर आकांक्षानं माझ्या उशीखाली पाहिलं.

"आबाजी! तुमी त पियुषपेक्षा लहान आहात."

मला राग यायला पाहिजे होता. पण घरात कोणीतरी मला रागावून राहिलं आहे, हे फार दिवसांनी झालं.

११ मे, रविवार

बीपी १४०/८०. पोरं आल्यापासून खाली आहे.

काल रात्रीच खुशालरावांचा निरोप आला होता की किशोरला एकच पलंग लागेल, दुसरा भंगारवाल्याला देऊन त्या जागी टेबल बसवू. सकाळी मी पोरांना तसं सांगितलं. आकांक्षा पलंगाच्या दांडीला धरून उभी राहिली.

"पलंग नाही द्यायचा."

"बेटा, त्याले दोन पलंगावर झोपता थोडी येते?"

"आमाले लागतीन."

"तुमी आले की खाली गादी टाकू ना. मी झोपतो खाली."

 ती नीट जेवलीही नाही. वाढत्या वयाची पोरगी, मला भीती वाटते अशा वेळी काय बोलावं याची. जमुनाला विचारलं असतं.

एक गंमत लिहायची राहिली. दुपारी मी चौकोन तपासले तर सगळं उलटंसुलटं. दोघंही अकोल्याला राहतात, तरी अकोल्याच्या चौकोनात नुसतं पियुषचं, त्याचा बालवाडीचा शर्ट, त्याची माकडाची टोपी. आणि परतवाड्याच्या चौकोनात आकांक्षाचं, बंद पडलेलं घड्याळ, रिबिनी, चौथीतला कंपास. पोरांनी घाईत घोळ केला असेल म्हणून मी सगळं नीट करून ठेवलं. संध्याकाळी पाहतो तर पुन्हा होतं तसंच. या वेळी तसंच राहू दिलं. पोरांचा काही खेळ असेल.

फोन दोन येतात. दुपारी पौर्णिमाचा, संध्याकाळी गजेंद्रचा. दोघंही तेच विचारतात, जेवले का, ऊन लागलं का. आज पौर्णिमा पियुषला म्हणाली, पप्पाला सांग की गॅसचं कार्ड वरच्या कप्प्यात आहे. संध्याकाळी पियुषनं गजेंद्रला सांगितलं. मी म्हटलं, "मम्मीनं पप्पालेच फोन केला असता त काय झालं असतं?"

"ते बोलत नाहीत न," पियुष म्हणाला. "मी सांगतो त्याईले. पप्पा हॉलमध्ये झोपतात, मम्मी आमच्याजवळ. मी मधातून सांगतो."

"पियुष, झाकणं मोज," आकांक्षा म्हणाली.

नवरा-बायकोत अबोला असतोच. जमुना एकदा पूर्ण पोळ्याचा सण माझ्याशी बोलली नव्हती. मोठ्या माणसांनी त्यात पडू नये.

१४ मे, बुधवार

आज माझ्या हातून एक चांगलं काम झालं.

गल्लीत भांडेवाली आली होती, पार्वताबाई. जुने कपडे घेते आणि त्यावर स्टीलचं भांडं देते. पोरं खुशालरावांकडे टीव्हीवर मॅच पाहायला गेली होती. खोलीत दाराजवळ एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, जमुनाच्या जुन्या पातळात, चार टोकांना गाठ मारून. वरून चाचपलं तर पियुषचे लहान झालेले कपडे. आमच्या घरी कपडे पातळात बांधून दाराशी ठेवले म्हणजे ते भांडेवालीचे, हे तीस वर्षांपासूनचं आहे. जमुना असंच ठेवायची आणि स्वतः आत असली तर मला ओरडून सांगायची, "दाराशी ठेवलं आहे, छोटं भांडं घेऊ नका."

मी छोटं घेतलं नाही. दूध तापवायला होईल असा झाकणाचा गंज घेतला, चांगला जाड बुडाचा. पार्वताबाई देत नव्हती, मी उन्हात उभा राहून घासाघीस केली. पौर्णिमा आली की तिला देईन. तिला मी कधी काही घेऊन दिलेलं नाही.

१५ मे, गुरुवार

आकांक्षा सकाळपासून काहीतरी शोधत होती. पलंगाखाली वाकून, कपाटामागे, न्हाणीत सुद्धा. मी विचारलं. म्हणाली, "एक गाठोडं होतं आबाजी, आजीच्या पातळात बांधलेलं. बॅगेत मावलं नाही म्हणून पातळात बांधलं होतं मी."

मी गंज दाखवला.

ती गंजाकडे पाहत राहिली. रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "असू द्या," म्हणाली, आणि पियुषला काही सांगू नका म्हणाली.

एवढ्याशा कपड्यांचं तिला काय करायचं होतं? कोपरापर्यंतसुद्धा येणार नाहीत. पण तिचं तोंड पाहून मला जेवण गेलं नाही. बीपी मोजलंच नाही.

१६ मे, शुक्रवार

ऊन चढायच्या आत गंज पिशवीत घालून इतवाऱ्यात गेलो. जुन्या कपड्यांचे ढीग टाकून बाया बसतात तिथे. पार्वताबाई सापडेल की नाही, सापडली तर ओळखेल की नाही, ऑटोवाला भलतीकडेच नेईल, असं करत करत पोचलो. ती शेवटच्या ढिगामागे बसून चहा पीत होती.

"बाई, परवाचं गाठोडं..."

"कोनतं गाठोडं बावाजी? दिसाले धा गाठोडे येतात."

"दस्तूरनगरचं. लहान पोराचे कपडे होते. हा गंज घ्या तुमचा अन् कपडे द्या परत."

बाजूची बाई खो खो हसली. "पाहा वं माय! बुडा भांडं वापस कराले आला!"

"हासू नको वं," पार्वताबाई तिला म्हणाली आणि मला म्हणाली, "बावाजी, गल्ल्या फिरता फिरता मी बुडी झाली. भांडं लहान भेटलं म्हून भांडाले बाया येतात. कपडे मांगाले कोनी येत नाई." मग ती एकदम थांबली. कप खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाली, "लेकरू... हाये ना?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा मी जवळजवळ ओरडलोच.

"हाये! काय बोलता? घरी आहे. झाकणं खेळून राहिला."

"रागाऊ नका बाप्पा. एखाद्याचं लेकरू जाते, कोनी नातेवाईक घाईघाईनं कपडे देऊन टाकते, मंग माय रडत येते हुडकत. तसंच झालं एकदा. म्हून इचारलं. जित्त्या लेकराच्या कपड्यासाठी इतक्या उन्हात कोन येते?"

कपडे धारणीला गेले होते. तिची मुलगी कालच्या जीपनं तिकडच्या बाजाराला घेऊन गेली. पातळही गेलं. ढिगात खालून त्या गाठोड्यातली फक्त चादर निघाली, निळी, हत्तीची चित्रं असलेली. तेवढी दिली. गंज परत घेतला नाही. "ठुवा," म्हणाली. "दूध तापवजा लेकराले."

ऑटोवाल्याला दोनदा जोरात चालव म्हटलं. घरी आलो तेव्हा पियुष खरोखर झाकणंच खेळत होता. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर म्हणाला, "आबाजी, हात ओला आहे का? कुलर चालू आहे." घामानं ओला होता.

१७ मे, शनिवार

पियुष झोपल्यावर दुपारी आकांक्षाला चादर दिली. कपडे धारणीला गेले, हे सांगितलं. पोलिसात सांगून काही होईल का, तेही विचारलं. ती थोडी हसली.

"ही चादर बांधून आमी तंबू करत होतो," म्हणाली. "या पलंगापासून त्या पलंगापर्यंत. कपडे मी अकोल्याले नेणार होते."

"घालता येणार नाहीत बेटा."

"घालायले नाही आबाजी." मग फरशीवरच्या चौकोनाकडे बघत म्हणाली, "पियुष आता परतवाड्याले राहणार आहे. मम्मीजवळ. तिथल्या शाळेत नाव टाकलं त्याचं. मी अकोल्याले, पप्पाजवळ."

मी विचारलं, "काहून? मम्मीले तिकडे नोकरी लागली का?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग चादरीवरच्या एका हत्तीवरून बोट फिरवलं.

"हाव आबाजी," म्हणाली. "नोकरी."

माझ्या जिवात जीव आला. नोकरीसाठी माणसं लांब राहतातच. मी स्वतः धारणी डेपोला होतो, जमुना इथे. दर शनिवारी येत होतो. आता पौर्णिमा शनिवारी अकोल्याला जाईल नाहीतर गजेंद्र जाईल.

तसं मी बोललो. ती म्हणाली, "नाही जाणार आबाजी."

"मग?"

"मग आमी दोघं इथं येऊ. दोन्हीकडून गाड्या आहेत. पप्पा सोडतीन मले, अन् त्याले मामा सोडतीन. मम्मीले मी विचारलं, हो म्हणाली. पप्पाले विचारलं, पाहू म्हणाले." तिनं चादरीची घडी मांडीवर घेतली होती, ती उलगडून पुन्हा घातली. "पण खोली किशोरकाकाले देऊन टाकली त आमी भेटू कुठी? परतवाड्याले गेले की मी तिकडची पाहुणी अन् तो अकोल्याले आला की तो पाहुणा."

मी म्हटलं, पाहू. तिच्या बापासारखंच बोललो.

१९ मे, सोमवार

जीव थाऱ्यावर नाही. शब्द देऊन बसलो आहे. खुशालराव जुना माणूस, वर्कशॉपमध्ये माझ्या पायावर टायर पडला होता तेव्हा त्यांनीच उचलून नेलं. किशोर कालच येऊन गेला. जाताना माझ्या पायाची सूज दाबून पाहिली आणि मीठ कमी खा म्हणाला. असा माणूस रात्री शेजारच्या खोलीत असला तर किती बरं. कोणी खोकललं तरी आवाज येतो घरात.

पोरं येतील तीही महिन्यातून एखाद्या वेळी. शाळा, क्लास, परीक्षा. पुढे मोठी होतील. मग? दोन रिकामे पलंग आणि मी.

२० मे, मंगळवार

गजेंद्रला फोन केला. पौर्णिमाची नोकरी कशी आहे, पगार वेळेवर होतो का विचारलं. त्यानं टीव्ही बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "कोणी सांगितलं तुमाले?"

"आकांक्षानं."

"हं," म्हणाला. "चांगली आहे नोकरी. तुमी टेन्शन घेऊ नका बाबा, बीपी वाढंल." आवाज बसलेला होता. सर्दी असेल. कुलरसमोर झोपत असेल.

२४ मे, शनिवार

खोली आवरून झाली. बाहेरच्या चौकोनातलं सगळं गेलं, माझी छत्रीची दांडीसुद्धा. आकांक्षानं मला दोन वस्तू निवडायची परवानगी दिली होती, मी सुतळ्या निवडल्या. पियुषनं झाकणांचे दोन वाटे केले. इतके दिवस एक सोडत नव्हता आणि आज अर्धी स्वतःहून आकांक्षाच्या बॅगेत टाकली.

"तुले नाही लागत का?" मी विचारलं.

"इकडची तिकडं करायची असतात," तो म्हणाला. "मग पुढच्या वेळी बदलायची."

फरशी तिघांनी मिळून पुसली. आता तिथे "इथं" या चौकोनातलं फार थोडं राहिलं आहे. एका खणात तिच्या गोष्टींची पुस्तकं, खालच्या खणात त्याचे ठोकळे, दोघांचा एकेक कपड्याचा जोड, दात घासायचे दोन ब्रश. मी म्हटलं ब्रश तर घेऊन जा. आकांक्षा म्हणाली, "नाही. ब्रश जिथं असते ते घर असते आबाजी." एवढ्या लहान वयात हे कुठून आलं? टीव्हीवरून असेल.

खोली इतकी मोठी आहे हे मला माहीतच नव्हतं. बोललं की आवाज घुमतो.

२८ मे, बुधवार

खुशालरावांकडे गेलो. वाटेत तीनदा परतलो असेन. त्यांनी खुर्ची दिली, मी बसलो नाही. एका दमात सांगितलं की खोली देता येत नाही.

"काहून? पोराचं काई चुकलं?"

"पोराचं काही नाही. माझी नातवंडं येणार आहेत."

"ते त पाहुणे हायेत नत्थुजी! चार दिसाच्या पाहुण्यासाठी बारमाही सोबत सोडता? उद्या न्हाणीत पडान त कोन उचलीन? पोट्टे अकोल्याहून येतीन का?" म्हणजे न्हाणीचं त्यांना माहीत होतं. न्हाणीचं दार उघडं पाहून किशोरनं ओळखलं असणार.

मी म्हटलं, "पाहुणे नाहीत ते. खोली त्याईची आहे."

"मंग बसा खोलीले कवटाळून," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज मोठा केला. त्यांच्या बायकोनं चहा आणला होता, तो तसाच राहिला.

घरी येऊन पोरांना सांगितलं. मला वाटलं होतं नाचतील. आकांक्षा उठली आणि माझं ताट वाढायला गेली. भाजी वाढली, मग परत आली आणि पुन्हा भाजी वाढली.

१२ जून, गुरुवार

मधले दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखं होतं, पण पोरांमध्ये वेळ गेला.

काल गजेंद्र येऊन आकांक्षाला घेऊन गेला. आज पौर्णिमा येऊन पियुषला घेऊन गेली. मी गजेंद्रला म्हटलं होतं, एक दिवस थांब, सगळे एकत्र जेवू, मी रस काढतो. सुट्टी नाही म्हणाला. निघताना आकांक्षानं पियुषच्या शर्टाचं वरचं बटण लावून दिलं. पियुष गेटवर उभा होता. गाडी वळल्यावरही उभा होता. मी म्हटलं, "चल आत, ऊन आहे." तर म्हणाला, "मी उन्हातच आहे ना, मले माहीत आहे."

पौर्णिमानं पाया पडताना फार वेळ डोकं खाली ठेवलं. गुडघे धरले की काय असं वाटून मीच तिला उठवलं.

"मामाजी, खोली भाड्यानं देणार होते ना तुमी?"

"नाही दिली. पोरांची आहे. दोन पलंग आहेत. तुझ्या नोकरीतून सवड झाली की तूही येत जा."

तिनं ओढणी तोंडाला लावली. उन्हातून आली होती, मी माठातलं पाणी दिलं. गंजही दिला. तो पिशवीत घालताना ती म्हणाली, "मामाजी, तुमी काही विचारलं नाही मले."

"काय विचारायचं?" मी म्हटलं. "तब्येत बरी आहे ना?"

ती हो म्हणाली. परतवाड्याच्या गाडीत दोघांना बसवून दिलं. खिडकीची जागा मिळाली.

घरी आल्यावर कुलर बंद केला. एकट्यासाठी कशाला.

२१ जून, शनिवार

काही नाही. खोली झाडली.

२८ जून, शनिवार

आकांक्षाचा फोन होता, क्लास आहे, जमणार नाही. नंतर पियुषचा, ताई येणार नाही तर मी येऊन काय करू. बरोबर आहे. खोली झाडली. दोन्ही गाद्या उलटवल्या.

खुशालराव बाजारात दिसले, त्यांनी पाहिलं नाही असं केलं. किशोरला राजापेठेत खोली मिळाली असं ऐकलं. चांगला मुलगा आहे. घरमालकाची सूज पाहत असेल.

१२ जुलै, शनिवार

बीपी १३०/८०.

आज आले. पियुष मामाबरोबर आधी आला. मामा चहा घेऊन लगेच गेला. पियुष पायरीवर बसला, आत येईना. मी पोहे केले, तरी येईना. मग गजेंद्रची गाडी आली. तो गेटवरूनच मला हात करून वळला. आकांक्षा उतरली. केस कापले आहेत तिनं. मला वाटलं दोघं पळत येऊन एकमेकांना बिलगतील, आणि मी काय करावं, कुठे उभं राहावं, हे मी सकाळपासून ठरवत होतो. तसं काही झालं नाही. पियुष म्हणाला, "भुतासारखी दिसतेस." ती म्हणाली, "तू तसाच दिसतोस." आणि दोघं माझ्या बाजूनं आत गेले, खोलीत शिरले आणि दार लावून घेतलं.

पोह्याच्या ताटल्या घेऊन मी दारापर्यंत गेलो. आतून बोलणं ऐकू येत होतं. शब्द कळत नव्हते. एकदा पियुष हसला. मग बराच वेळ तीच एकटी बोलत होती, हळू आवाजात, मग तो काही विचारत होता. मी दार वाजवलं नाही. ताटल्या झाकून ठेवल्या आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो.

आता हे लिहितो आहे तर दार अजून बंदच आहे. पोहे गार झाले असतील. पुन्हा गरम करता येतात, थोडं पाणी शिंपडलं की झालं.

मघाशी गेट वाजलं. खुशालराव. किती दिवसांनी. आत न येताच तिथूनच ओरडले, "काय नत्थुजी, जित्ते हा का? बोलत नाई, चालत नाई!"

मी घाईनं उठून गेटपर्यंत गेलो आणि त्यांना म्हटलं, "हळू बोला. पोरं आहेत घरात."